बॅटरी उतरते, अलार्म उगाच बोंबलतो, टॉप बॉक्स खडखडतो: नवीन वस्तू घेण्याआधी जोड तपासा

तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. दुचाकीला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म बसवला, सुरुवातीला सगळं सुरळीत, आणि मग एका सकाळी सेल्फ मारावा तर रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) नुसती टकटक. बॅटरी चार्ज करून आणली, गाडी चालू झाली, चार दिवस उभी राहिली की पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली. नवीन बॅटरी टाकली, थोड्या दिवसांनी तीही बसते. मग ट्रॅकरवर संशय, तोही बदलला जातो. डिस्क लॉकचं (ब्रेकच्या डिस्कला लावायचं अलार्मवालं कुलूप) आणि टॉप बॉक्सचंही (सीटमागची सामानाची पेटी) असंच: एक रात्री-अपरात्री वाजतं म्हणून दुसरं घेतलं, तेही वाजायला लागलं, बॉक्स घट्ट करून आणला, आठवड्यात पुन्हा खडखड.

दुरुस्त करून पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तक्रारीत वस्तू क्वचितच बिघडलेली असते. बिघडलेला असतो तो जोड. वायर कुठून घेतली, बोल्ट कशावर आवळला, कुलूप कशाला टेकलंय, हे बदलल्याशिवाय दहा वस्तू बदलल्या तरी फरक पडत नाही. म्हणून खाली बरीचशी चर्चा जोडाचीच आहे, कंपन्यांची नाही.

बॅटरी का उतरते

आधी बॅटरी आणि चार्जिंग ठीक आहे ना, ते बघून घ्या. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.० च्या आसपास असेल तर तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. (लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत, ती भरलेली असताना १३ च्या वर असते.) आता गाडी चालू करून थोडी रेस द्या. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. चढत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, म्हणजे स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा त्यांचे कपलर (वायरी जोडणारे सॉकेट). ट्रॅकरला शिव्या देण्यात अर्थ नाही, आधी ते करून घ्या.

चार्जिंग ठीक असेल तर गाडी बंद असताना करंट कुठेतरी झिरपतोय. तो मोजणं घरच्या घरी जमतं, पण पद्धत नीट पाळावी लागते. इग्निशन बंद, चावी बाहेर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सुटलेल्या केबलला लावा. आता गाडीला जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चावी फिरवायची नाही आणि सेल्फचं बटण तर चुकूनही दाबायचं नाही. सेल्फ मोटर १० अँपिअरच्या कितीतरी पट करंट ओढते, मीटरचा फ्यूज क्षणात उडतो.

इथे बहुतेकांची फसगत होते. टर्मिनल सोडवून जोडलं की ट्रॅकर रीस्टार्ट होतो आणि उपग्रह, नेटवर्क सगळं नव्याने शोधायला लागतो. त्यामुळे पहिल्या मिनिटात मीटर ०.१५, ०.०९, मध्येच ०.२ असा नाचतो. तो आकडा खरा धरून "ट्रॅकर बॅटरी खातो" असं ठरवू नका. ट्रॅकर झोपेपर्यंत थांबा, पाच-दहा मिनिटं, काहींना जास्तही लागतात. या काळात गाडीला हात लावू नका, धक्क्याने तो पुन्हा जागा होतो. आकडा ०.०१ किंवा ०.०० वर स्थिरावला की मग मिलिअँपिअरच्या सॉकेटवर या. वायर बदलताना सर्किट तुटलं तर ट्रॅकर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, म्हणून आधी बॅटरीचं निगेटिव्ह आणि केबल यांना क्लिप असलेल्या साध्या वायरने जोडा, मीटरची रेंज बदला, मीटर परत लावा आणि मगच ती वायर काढा.

आता आकड्याचा अर्थ. घड्याळ, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि झोपलेला ट्रॅकर मिळून काही मोजके मिलिअँपिअर घेतले तर चालतं. समजा २० मिलिअँपिअर दिसले. दिवसाचे २४ तास धरले तर ४८० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जवळपास अर्धा अँपिअर-तास रोज. ८ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर आठ दिवसांत निम्मी रिकामी. सेल्फला जोर लागतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण संपायच्या कितीतरी आधीच गाडी हात वर करते. ज्या गाड्यांना ४ किंवा ५ अँपिअर-तासांची बॅटरी असते त्यांची गत तर चार-पाच दिवसांतच होते. तेच ३ मिलिअँपिअर असतील तर ८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे सगळा खेळ ३ आणि २० यांच्यातल्या फरकाचा आहे, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

आकडा जास्त आला तर मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, तो चोर. बाहेरून बसवलेल्या वस्तूंचे इनलाइन (वायरमध्येच बसवलेले) फ्यूज आधी काढा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आणि इनलाइन फ्यूज नसेलच, तर थेट बॅटरीवरून फ्यूजशिवाय वायर घेणाऱ्याने तुमच्या सीटखाली आग लागायची सोय करून ठेवली आहे, ते काम सगळ्यात आधी. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो.

हँडलवरचा यूएसबी चार्जर हा नेहमीचा गुन्हेगार. फोन लावलेला नसला तरी त्याच्या आतलं सर्किट आणि तो निळा दिवा थोडा थोडा करंट घेतच राहतात. तो थेट बॅटरीवर असेल तर इग्निशनने चालू-बंद होणाऱ्या वायरवर घ्या, किंवा त्याच वायरने चालणारा रिले टाका. विषय संपला.

ट्रॅकरचं मात्र जरा खोलात जाऊन बघावं लागतं. साध्या वायर्ड ट्रॅकरला तीन वायरी असतात: कायम प्लस (चावी बंद असतानाही वीज येणारी, बहुतेकदा लाल), अर्थ आणि एसीसी. एसीसी वायरचं काम एवढंच, की इग्निशन चालू आहे की बंद हे ट्रॅकरला कळवणं. घाईत बसवणारा माणूस बऱ्याचदा लाल आणि एसीसी एकत्र पिळून कायम प्लसला लावून मोकळा होतो. ट्रॅकर चालतो, ॲपमध्ये गाडी दिसते, गिऱ्हाईक खूश. पण ट्रॅकरच्या हिशोबाने गाडी चोवीस तास चालू असते, त्यामुळे तो झोपतच नाही आणि दर काही सेकंदांनी ठिकाण पाठवत बसतो. ॲप उघडून बघा: गाडी उभी, चावी तुमच्या खिशात, आणि तरी "इग्निशन ऑन" दिसत असेल तर मीटर काढायचीही गरज नाही, दोष हाच आहे. एसीसी वायर सोडवून इग्निशनवर येणाऱ्या प्लसला जोडा. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा रंगावर भरवसा न ठेवता सोबतचा कागद बघा.

एसीसी बरोबर असूनही ट्रॅकर जागा राहत असेल तर गाडी कुठे उभी असते ते बघा. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलचं नेटवर्क बऱ्याचदा नीट येत नाही. अशा जागी ट्रॅकर सतत टॉवर शोधत राहतो, आणि रेंज जितकी कमी तितक्या जास्त ताकदीने सिग्नल पाठवावा लागतो. तोच ट्रॅकर, तीच वायरिंग, पण उघड्यावर आठवडा निघतो आणि तळघरात तीन दिवसांत बॅटरी बसते. सेटिंगमध्ये ठिकाण पाठवण्याचं अंतर वाढवा, डीप स्लीपचा पर्याय असेल तर चालू करा. ट्रॅकर फक्त २जीवर चालणारा असेल आणि तुमच्याकडे २जी बंद होत आलं असेल, तर तिथे खरोखरच वस्तू बदलावी लागेल. माझ्या मुख्य मुद्द्याला हा एक अपवाद. तिसरं कारण कंपनाचं: गाडी रस्त्याला किंवा जनरेटरला खेटून उभी असेल तर शॉक सेन्सर दर थोड्या वेळाने ट्रॅकरला उठवतो. संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या कमी करा.

हँडल वळवलं की अलार्म वाजतो

हे वेगळं लिहितोय कारण याचं निदान अगदी सोपं आणि तरीही हुकणारं आहे. मध्येच "पॉवर कट" चा मेसेज येतो, सायरन वाजतो, उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी. गाडी मेन स्टँडवर घ्या, अलार्म लावा आणि हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. एका ठरावीक कोनात वाजला, तर वायर स्टेअरिंगच्या मानेपाशी आतून तुटली आहे. वरचं प्लास्टिक शाबूत असतं, आतल्या तांब्याच्या तारा मात्र वळून वळून तुटलेल्या असतात. बोटांच्या चिमटीत धरून वायर हळूहळू वाकवत गेलात की एका जागी ती मेल्यासारखी मऊ लागते. तिथेच तुटली आहे. तो भाग कापून नवा तुकडा घाला, आणि या वेळी मानेपाशी वायर ढिली सोडा. केबल टायने करकचून बांधली की पुन्हा तिथेच तुटणार.

दुसरी जागा म्हणजे ते निळे किंवा लाल चिमटा-कनेक्टर, जे वायर न सोलता दाबून लावतात. आतली धातूची पट्टी वायरीच्या काही तारा कापते आणि उरलेल्यांवर तग धरून असते. कंपन आणि पावसाचं पाणी मिळून त्यांना काही महिन्यांत हिरव्या करतात. ते काढून क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) किंवा झाळून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. अर्थची वायर रंगवलेल्या चेसीवर नुसती बोल्टखाली दाबलेली असेल तर तीही थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

काही अलार्म व्होल्टेज एकदम घसरलं की कोणीतरी गाडीला हात लावला असं समजतात. गाडी बंद केल्यावरही ज्यांचा रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरतो त्या गाड्यांत हा अलार्म दर वेळी पार्क केल्यावर फसतो. पंखा थांबल्यावर अलार्म लावा, किंवा सेटिंगमधून व्होल्टेजवर वाजण्याचा पर्याय बंद करा.

डिस्क लॉकचा अलार्म

पुष्कळशा अलार्मवाल्या डिस्क लॉकमध्ये एलआर४४ बटण सेल असतात, बऱ्याचदा सहा, एकावर एक रचलेले. त्यातला एक जरी कमजोर झाला तरी सगळ्या रांगेचं व्होल्टेज डळमळतं आणि सेन्सर वेड्यासारखा वागायला लागतो. कधी उगाच वाजतो, कधी लॉक लावल्यावर बीपच देत नाही. सहाच्या सहा एकदम बदला. जुने-नवे मिसळलेत तर पुढच्या महिन्यात पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा लागेल. एलआर४४ अल्कलाइन असतात आणि त्यांचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. त्याच मापाचे एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतात, म्हणून लॉकसाठी तेच बरे. सेलचा कप्पा उघडलाच आहे तर झाकणाचं रबर रिंग बघा. ते चेपलेलं किंवा चिरलेलं असेल तर गाडी धुतल्यावर वाजणाऱ्या अलार्मचं कारण सापडलं.

सेल नवे असूनही वाजत असेल तर लॉककडे नाही, साइड स्टँडकडे बघा. ओल्या मातीत, पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँडचं टोक हळूहळू रुततं. गाडी तासाभरात थोडीशी झुकते, आणि सेन्सरच्या दृष्टीने कोणीतरी गाडी हलवली. स्टँडखाली सपाट पत्रा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. तसंच लॉक डिस्कवर लोंबकळत राहिलं तर वाऱ्यानेही हलतं. चाक थोडं फिरवून लॉक नीट टेकेल अशा स्थितीत आणा आणि पिन पूर्ण आत गेली का ते बोटाने चाचपा. पिनचं माप डिस्कच्या भोकापेक्षा बरंच लहान असेल तर लॉक डुलणारच. तिथे दुसऱ्या मापाचं लॉक हवं.

चावी अडकते तेव्हा हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. इंजिन ऑइल किंवा ग्रीस कुलपात घातलं की दोन दिवस चावी लोण्यासारखी फिरते, मग आत धूळ चिकटून लगदा होतो. डब्ल्यूडी-४०ने अडकलेलं कुलूप सुटतं, घाण बाहेर येते, पण ते वंगण म्हणून टिकत नाही. सुटल्यावर वाळू द्या आणि ग्रॅफाइट पावडर किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे मारा. डिस्कवर मात्र यातलं काहीही उडता कामा नये, लॉक काढून दूर नेऊनच हे करा.

लॉक काढायला विसरून गाडी पुढे घेतली गेली, असं होतं. लॉकपासून हँडलपर्यंत जाणारी ती रंगीत पिळाची केबल त्यासाठीच असते, ती वापरा. झालंच असेल तर चाक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅड व डिस्क यांच्यातली फट एकटक बघा. फट कमी-जास्त होत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडत असेल तर डिस्क वाकली आहे. हातोड्याने सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

टॉप बॉक्स पुन्हा पुन्हा ढिला होतो

खडखड तीन ठिकाणांहून येऊ शकते: बॉक्स आणि तो ज्यावर अडकतो ती प्लेट, प्लेट आणि रॅक, रॅक आणि चेसी. बॉक्स दोन्ही हातांनी धरून हलवताना दुसऱ्या कोणाला प्रत्येक जोडावर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली कुठे हालतंय ते लगेच कळतं. मग बॉक्स काढून नुसती प्लेट हलवा. ती पक्की असेल तर खेळ फक्त बॉक्स आणि प्लेटमध्ये आहे. प्लेटवरची छोटी रबरं झिजली किंवा पडून गेली असतील, तिथे पातळ रबर चिकटवा.

प्लेट आणि रॅकमधला जोड जास्त त्रास देतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा आपला चांगुलपणाच असतो. आवाज नको म्हणून रॅक आणि प्लेटच्या मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे घालून बोल्ट आवळले जातात. रबर दाबलं जातं, दाबत जातं, आणि बोल्टचा ताण आपोआप उतरतो. दुसऱ्या दिवशी पान्याने बघाल तर नट अर्धा फेरा सहज फिरतो. बोल्टच्या बरोबर खाली मऊ काही नको. रबर हवंच असेल तर बोल्टभोवती धातूची नळी घाला, म्हणजे ताण नळीवर येईल आणि रबर फक्त कंपन शोषेल. जाड पावडर कोटिंगही सुरुवातीला थोडं दबतं, त्यामुळे नव्याने बसवलेली प्लेट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा आवळावीच लागते.

थ्रेड लॉकबद्दल (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचं द्रव) एक सावधगिरी. धातूत धातू असेल तर निळं, मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक चांगलं. ते साध्या पान्याने सुटतं. लाल मात्र गरम केल्याशिवाय सुटत नाही. पण प्लेट एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असेल तर हे द्रव तिच्यापासून लांब ठेवा. ते प्लास्टिकला तडे पाडतं. भोकाभोवती केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा ताऱ्यासारख्या पसरलेल्या दिसल्या तर प्लेट आतून गेलेली आहे, एखाद्या खड्ड्यात बॉक्ससकट निघून येईल. प्लास्टिकच्या प्लेटला नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) आणि खाली मोठा रुंद वायसर वापरा. नायलॉक नट सारखे काढ-घाल करून त्यातल्या नायलॉनची पकड जाते. हाताने शेवटपर्यंत फिरायला लागला की तो साधा नट झाला, टाकून द्या. घट्ट केल्यावर नटपासून प्लेटपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना लावून बघायची गरज उरत नाही.

नट घट्ट, प्लेट धड, तरी रॅकच्या वेल्डिंगला चीर गेली असेल तर वजन बघा. बॉक्सवर एक मर्यादा लिहिलेली असते, रॅकची वेगळी असते, आणि त्यांतली लहान असेल ती खरी. गंमत म्हणजे ही मर्यादा बऱ्याचदा सुरक्षेचं सामानच ओलांडतं. चोरीपासून बचाव म्हणून घेतलेली जाड साखळी आणि तिचं कुलूप मिळून कित्येक किलोंचं होतं, आणि ते सरळ टॉप बॉक्समध्ये टाकलं जातं, मागच्या ॲक्सलच्याही मागे, सगळ्यात उंच जागी. पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल झुलायला लागतं. साखळी खाली आणि पुढे ठेवा: साइड बॅगमध्ये तळाला, किंवा पिलियन सीटवर घट्ट बांधून. कमरेला किंवा छातीला गुंडाळून मात्र नेऊ नका, पडलात तर तीच बरगड्यांत घुसते.

साखळी लावतानाही जमिनीवर पडू देऊ नका. खाली टेकलेल्या कडीवर हातोडा मारता येतो किंवा कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून अंगाचं सगळं वजन दुसऱ्यावर टाकता येतं. चेसीतून किंवा मागच्या चाकातून, आणि जमत असेल तर खांबासारख्या हलत नसलेल्या वस्तूतून ओवून ती अधांतरी राहील अशी ताणा.

कापडी साइड बॅगचे पट्टे पावसात ढिले पडत असतील तर ते नायलॉनचे असतील. नायलॉन पाणी पिऊन सैल होतं, पॉलिस्टरचा पट्टा जवळजवळ होत नाही. वाऱ्यात फडफडणाऱ्या पट्ट्याला बांधताना एक अर्धा पीळ द्या, फडफड थांबते. उरलेलं टोक बक्कलमध्ये खोचा, कारण ते चेनमध्ये गेलं तर मागचं चाकच जाम होईल. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात गाडीवर बसून, पूर्ण वजन टाकून बोटं घालून बघा. उभ्या गाडीत दिसणारी फट सस्पेन्शन दबल्यावर उरत नाही.

एवढं करूनही बॅटरी उतरतच असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना हे लिहून न्या: रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट, रेस दिल्यावरचे व्होल्ट, ट्रॅकर झोपल्यानंतरचे मिलिअँपिअर, आणि कोणता फ्यूज काढल्यावर तो आकडा खाली आला. या चार गोष्टी समोर असल्या की "बॅटरीच बदला" हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच कमी होते.